‘आधी तीस टक्के टॅक्स भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका : क्रिप्टोवरचा कर कोण घेतो, कधी घेतो आणि किती घेतो

मागच्या दिवाळीनंतर, कापसाचे चुकारे घरात यायला लागले त्या दिवसांत, यवतमाळला बी.एस्सी. शिकणारा एक मुलगा आमच्याकडे आला. गाव आर्णी तालुक्यातले, बापाची अडीच एकर कोरडवाहू, आई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाणारी. मोबाइलमधल्या एका ॲपवर त्याने तीन वेळा मिळून २२ हजार रुपये टाकले होते. ॲपवर आता १ लाख ९० हजार दिसत होते. पैसे काढायला गेला तर टेलिग्रामवरून उत्तर आले, “भारत सरकारच्या नियमानुसार आधी ३० टक्के टॅक्स, म्हणजे ५७ हजार रुपये, या खात्यात भरा. मग पूर्ण रक्कम मिळेल.” १५ हजार त्याने मित्रांकडून उसने घेऊन भरलेही होते. उरलेल्यासाठी आईचे कानातले गहाण टाकायचे ठरले होते. “दादा, टॅक्स भरला का सारे पैसे निघतेत म्हनते ते. तुमच्या ओळखीचा कोणी सीए आहे का, थोडा कमी करून देईल?” एवढेच विचारायला तो आला होता.

मित्रांनो, या फसवणुकीत एक गोष्ट खरी होती आणि तीच सगळ्यात घातक ठरली. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, हे खरे आहे. मुलगा शिकलेला, त्याने इंटरनेटवर शोधून पाहिले, ३० टक्के हा आकडा तिथे सापडला आणि त्याचा विश्वास बसला. तो कर कोण घेतो आणि कधी घेतो, हे मात्र त्याने पाहिले नाही. आम्हालाही तेव्हा सगळे माहीत नव्हते. नंतर आम्ही कायदा वाचला, कर सल्लागारांशी बोललो, आणि जिल्ह्यातल्या चार-पाच ठिकाणच्या तरुणांच्या बैठकांत हाच विषय मांडला. त्या बैठकांत जे प्रश्न आले त्यांची उत्तरे इथे लिहीत आहोत.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. ३० टक्के कर कोणतेही ॲप, एक्सचेंज, ‘मॅनेजर’ किंवा टेलिग्रामवरचा ‘कस्टमर केअर’ तुमच्याकडून वेगळा मागून घेत नाही. हा आयकर आहे. तो तुम्ही स्वतः, तुमच्या पॅनवर, आयकर विभागाच्या पोर्टलवर चलन काढून भरायचा असतो आणि तो सरकारी खात्यात जातो. तो पैसे काढण्याची पूर्वअट कधीच नसतो. पैसे आधी तुमच्या बँकेत येतात, कराचा हिशोब नंतर होतो. एक्सचेंज कापते ते फक्त १ टक्का टीडीएस, आणि तेही विक्रीच्या रकमेतूनच, आपोआप. वरून वेगळे पैसे पाठवा असे ते म्हणत नाही. त्यामुळे ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा’ हे वाक्य कानावर पडले की समोरचा चोर आहे हे नक्की समजा. आणखी काही तपासत बसायची गरज नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

२०२२ च्या अर्थसंकल्पातून आयकर कायद्यात ‘व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट’ अशी नवी व्याख्या आली. मराठीत आभासी डिजिटल मालमत्ता म्हणा. बिटकॉइन, इथर, यूएसडीटी, एनएफटी हे सगळे तिच्यात येते. १ एप्रिल २०२२ पासून कलम ११५बीबीएच लागू झाले. अशी मालमत्ता विकून जो नफा होईल त्यावर सरसकट ३० टक्के कर, वर त्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर. म्हणजे प्रत्यक्षात ३१.२ टक्के. नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते. इंटरनेटचा खर्च, ‘टिप्स’ देणाऱ्याची फी, कर्ज काढून घेतले असेल तर त्याचे व्याज, काहीही वजा होत नाही.

आपल्या पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. “आमचे उत्पन्नच नाही, आम्हाला कसला टॅक्स?” पगारावर किंवा धंद्यावर कर लागतो तेव्हा ठरावीक रकमेपर्यंत सूट असते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, ही बातमी सगळ्यांनी ऐकली. पण ती सवलत या विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही. वर्षभरात तुमची एक रुपयाची दुसरी कमाई नसली आणि कॉइन विकून १० हजार नफा झाला, तरी त्यावर ३,१२० रुपये कर बसतो. मुंबईत बसून कोटींची उलाढाल करणारा आणि उमरखेडचा बेरोजगार पदवीधर, दोघांना ३० टक्केच. कोटींवाल्याला अधिभार लागेल एवढाच फरक.

यापेक्षा जास्त झोंबणारी बाब तोट्याची आहे. एक उदाहरण घेऊ. एका मुलीने एक कॉइन ४० हजारांना घेऊन ७० हजारांना विकला. नफा ३० हजार. त्याच वर्षी दुसरा कॉइन ४० हजारांना घेतला आणि भाव पडल्यावर १० हजारांना विकला. तोटा ३० हजार. तिच्या हातात काय उरले? काहीच नाही. शेअर बाजारात असे झाले असते तर नफ्यातून तोटा वजा झाला असता, उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता आला असता. इथे ते चालत नाही. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. तिला ३० हजारांच्या नफ्यावर ९ हजार कर आणि ३६० रुपये उपकर, एकूण ९,३६० रुपये द्यावे लागतील. दोन्ही विक्री मिळून ८० हजारांवर १ टक्का, म्हणजे ८०० रुपये टीडीएस आधीच कापला गेला असेल, तो वजा जाता ८,५६० रुपये खिशातून. काही न कमावता.

हा कर न्याय्य आहे का? आमचे स्पष्ट मत, लहान माणसासाठी नाही. सरकारने क्रिप्टोला लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीच्या रांगेत बसवले आहे, त्यांच्यावरही ३० टक्केच दर आहे. लोकांनी यात उतरू नये म्हणून दर जबर ठेवला, असा युक्तिवाद केला जातो. पण दर जबर आहे हे आपल्या वस्तीत कोणाला माहीतच नसेल, तर त्याचा धाक तरी कसा बसणार? तो कळतो थेट नोटीस आल्यावर. यावर संघटनांनी जरूर बोलावे. पण कायदा आहे तोवर हिशोब त्याच्याप्रमाणेच होणार.

एक कॉइन देऊन दुसरा घेतला, रुपये हातात आलेच नाहीत, तरी तो पहिल्या कॉइनची विक्रीच मानली जाते. बिटकॉइन देऊन इथर घेतले तर त्या दिवशीच्या किमतीने नफा मोजायचा. दिवसभर ‘ट्रेडिंग’ करणाऱ्या पोरांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण प्रत्येक अदलाबदलीवर हिशोब लागतो. नुसते घेऊन ठेवले असेल, विकले किंवा बदलले नसेल, तर कर नाही. नातेवाईक नसलेल्या कोणी वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचे कॉइन भेट दिले तर घेणाऱ्यावर कर बसतो.

टीडीएसचे कलम १९४एस, लागू १ जुलै २०२२ पासून. कायद्यात वर्षाला १० हजारांची, आणि छोट्या व्यक्तींसाठी ५० हजारांची मर्यादा आहे. भारतीय एक्सचेंज मात्र बहुधा प्रत्येक विक्रीवर कापूनच घेतात. पॅन दिला नसेल तर हाच टीडीएस २० टक्के होतो. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४-२५ मध्ये या कलमाखाली देशात ५११ कोटींहून अधिक टीडीएस जमा झाला आणि त्यातला निम्म्याहून जास्त महाराष्ट्रातून. एक टक्क्याने ५११ कोटी, म्हणजे व्यवहार ५० हजार कोटींच्या पुढचे.

या एक टक्क्याचा आपल्याला मोठा उपयोग आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाही. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर, आयकर पोर्टलवरच्या ‘२६एएस’ आणि ‘एआयएस’ या उताऱ्यांत दिसतो. तुम्ही कॉइन विकला असे ॲप सांगते, आणि तीन-चार महिन्यांनंतरही २६एएसमध्ये १९४एसची एकही नोंद नाही, तर दोनच शक्यता. एक तर ते परदेशी एक्सचेंज आहे आणि टीडीएस कापत नाही. तिथे कराची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर राहते, सुटका नाही. नाहीतर खरेदी-विक्री झालीच नाही, स्क्रीनवर फक्त आकडे नाचवले गेले. आर्णीच्या त्या मुलाचा २६एएस आम्ही त्याच्यासमोर उघडला. पूर्ण कोरा होता. त्याचा चेहरा उतरला तो तेव्हा. नोंद दिसली म्हणजे ॲप सुरक्षित, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. भारतातल्या एका मोठ्या एक्सचेंजवर, वझीरएक्सवर, १८ जुलै २०२४ ला सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. ते एक्सचेंज टीडीएस कापतच होते. अशा चोरीत गेलेले पैसेही दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाहीत.

बैठकांत दुसरा एक प्रश्न हमखास येतो. “सरकार टॅक्स घेते म्हणजे क्रिप्टो सरकारमान्यच झाले ना?” योजना विकणारे एजंट हेच वाक्य वापरतात. उत्तर आहे, नाही. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यसभेतच सांगितले होते की कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नाही, कर लावणे हा सरकारचा अधिकार आहे. आयकर उत्पन्नावर लागतो, ते कुठून आले याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. चलनी नोटा चोरून सीमेपलीकडे नेताना पकडलेल्या पंजाबातल्या एका माणसाच्या तस्करीच्या उत्पन्नावर आयकर लावला होता. म्हणून काय तस्करी सरकारमान्य झाली? गंमत अशी, की जप्त झालेल्या नोटांचा तोटा त्या माणसाला वजा करू दिला गेला. आपल्या क्रिप्टोवाल्या पोराला मात्र तोटा वजा मिळत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. क्रिप्टो बाळगणे हा गुन्हाही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून लांब राहायला सांगितले होते, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणले गेले. म्हणजे बंदी नाही, चलन म्हणून मान्यता नाही, आणि कर मात्र आहे.

एका बैठकीत एका उत्साही कार्यकर्त्याने बाबासाहेबांच्या १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चा दाखला दिला. बाबासाहेब रुपयाच्या अमर्याद छपाईच्या विरोधात होते, बिटकॉइनची संख्या मर्यादित आहे, म्हणून बाबासाहेब बिटकॉइनच्या बाजूचे असते, असा त्याचा मुद्दा. आम्हाला हे पटत नाही. त्या ग्रंथातली चिंता पैशाच्या क्रयशक्तीच्या स्थैर्याची आहे, कारण किमती हलल्या की मार गरिबाला बसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १७ हजारांच्या खाली आला होता. ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा, पण बाबासाहेबांच्या नावावर विकू नये.

विकण्याची पद्धत हाच खरा प्रश्न आहे. पुण्यात गुन्हे दाखल झालेले ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण आठवा. महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, अशा आमिषाने देशभर लोकांना गुंतवले गेले. २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक झाली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. आपल्या शेजारी नागपुरात मार्च २०२२ मध्ये ‘इथर ट्रेड एशिया’ प्रकरणात अटका झाल्या. अशा साखळी योजना अनोळखी माणसाकडून येत नाहीत. त्या मामेभावाकडून, गावच्या शिक्षकाकडून, शिबिरात सोबत राहिलेल्या मित्राकडून येतात. समाजशास्त्रात आम्ही ‘सामाजिक भांडवल’ शिकलो. वस्तीतला आपसातला विश्वास हेच आपले भांडवल, आणि साखळीवाले नेमके तेच वापरून घेतात. कार्यकर्त्यांनी निदान एवढे करावे, विहारात किंवा जयंतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा योजनांची पत्रके फिरू देऊ नयेत.

आता एक नाजूक मुद्दा. आपल्याकडे बरीच मुले बापाच्या किंवा आईच्या पॅनवर खाते उघडतात. कधी स्वतःचे पॅन नसते म्हणून, कधी बँक खाते बापाचे आहे म्हणून. कायद्याच्या नजरेत तो सगळा व्यवहार बापाचा. नफा त्याचा, कर त्याचा, नोटीस त्याच्या नावाने. ज्याने आयुष्यात विवरणपत्र पाहिले नाही तो माणूस कापूस सोडून तहसीलच्या आणि सल्लागाराच्या चकरा मारणार. शिवाय भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची स्वाधार योजना, दोन्हींसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे. तहसीलदाराच्या दाखल्यावर एक आकडा आणि बापाच्या पॅनवर लाखोंची उलाढाल, हे जुळले नाही तर अडचण शिक्षणाला येऊ शकते. तेव्हा व्यवहार करायचाच असेल तर स्वतःच्या पॅनवर आणि स्वतःच्या खात्यातून. आणि शिष्यवृत्तीचा पैसा यात घालू नका, हे आम्ही सल्ला म्हणून नाही, मोठ्या भावाच्या हक्काने सांगतो.

शेतीचे काय, असे वणी-राळेगावकडच्या मित्रांनी विचारले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण कापूस-सोयाबीनच्या पैशातून कॉइन घेतला आणि नफ्यात विकला, तर तो नफा शेतीचा राहत नाही, त्यावर पूर्ण ३० टक्के. पैसा कुठून आला असे उद्या विचारले गेले तर सातबारा आणि विक्रीच्या पावत्या कामी येतात. त्या जपून ठेवा. स्रोत सांगता आला नाही तर त्या रकमेवरही जबर कर बसतो.

विवरणपत्र भरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे सेवा केंद्रात जाऊन सवयीने ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१, भरून घेणे. क्रिप्टोचे उत्पन्न त्यात दाखवताच येत नाही. आयटीआर-२ किंवा धंदा असेल तर आयटीआर-३ लागतो आणि त्यात ‘शेड्यूल व्हीडीए’ नावाचा स्वतंत्र तक्ता आहे. खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत, विक्री किंमत, प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ. एक्सचेंजवरून वर्षाचा अहवाल डाउनलोड करून सोबत न्या, केंद्रवाल्याच्या भरवशावर सोडू नका. ज्यांना फक्त तोटाच झाला त्यांनीही भरावे. नफा नाही म्हणजे कर नाही, आणि कापलेला १ टक्का परत मिळतो. पण तो विवरणपत्र भरणाऱ्यालाच मिळतो. दिग्रसच्या एका मित्राचे असे २,१०० रुपये अडकलेले होते, त्याला ते माहीतही नव्हते.

मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचा हिशोब जुन्या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच करायचा आहे, आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, ३० टक्के आणि १ टक्का तसेच आहेत. जुन्या वर्षांचे दाखवायचे राहिले असेल तर चार वर्षांपर्यंत सुधारित विवरणपत्र, ‘आयटीआर-यू’, भरता येते. त्यात कर आणि व्याजावर उशिराप्रमाणे २५ ते ७० टक्के जादा द्यावे लागतात, आणि परतावा मात्र मागता येत नाही. “कोणाला कळणार?” या भरवशावर राहू नका. जून २०२५ मध्ये आयकर विभागाने टीडीएसच्या नोंदी आणि विवरणपत्रे ताडून पाहून हजारो लोकांना ईमेल पाठवले. 

शेवटी पीटूपीबद्दल थोडक्यात. अनोळखी माणसाला यूएसडीटी विकून थेट खात्यात पैसे घेतले आणि ते पैसे कोणाच्या फसवणुकीचे निघाले, तर खाते तुमचे गोठते. कमिशनसाठी खाते वापरायला देणे तर सरळ गुन्ह्यात अडकणे. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे खाते पाच महिने गोठलेले होते, शिष्यवृत्ती त्यातच अडकली.

आर्णीच्या मुलाने त्याच दिवशी १९३० वर फोन केला, नंतर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, टेलिग्रामवरचे संभाषण, सगळे जोडले. फसवणूक झाल्या झाल्या, पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पुढच्या खात्यात रक्कम थांबवता येते. त्याला उशीर झाला होता, ३७ हजार अजून परत आलेले नाहीत. आईचे कानातले मात्र घरातच राहिले. मागच्या आठवड्यात त्याला त्याच लोकांचा नवा मेसेज आला, आजच्या आज भरल्यास टॅक्समध्ये ५० टक्के सूट. तो त्याने आम्हाला पाठवला आणि आम्ही तो तक्रारीला जोडला.